तवसे, फणस आणि ओव्हन : आठवणीतली चव पुन्हा का साधत नाही?

श्रावणात कोकणातील आठवडी बाजारांत पिवळसर सालीची, हातभर वाढलेली तवशी दिसू लागतात आणि किनारपट्टीवरील अनेक घरांत धोंडस करण्याचे दिवस येतात. गोव्यात याच पदार्थाला तवसळी म्हणतात. किसलेले तवसे, भाजलेला रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची एवढ्याच सामग्रीचा हा गोड पदार्थ पूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात, वरखाली निखारे ठेवून भाजला जाई. आज तो मुंबई, बेंगळुरू किंवा इंदूरमधील सदनिकेत विजेच्या ओव्हनमध्ये केला जातो. कृती तीच असते, सामग्रीही बहुधा तीच असते. तरीही पहिला तुकडा तोंडात टाकल्यावर करणाऱ्याची तक्रार ठरलेली असते : आजीच्या हातची चव आली नाही.

या तक्रारीचे खापर सहसा भावनेवर फोडले जाते. हाताला चव असते, गेलेल्या माणसाचा पदार्थ कधीच तसा होत नाही, असे म्हणून विषय संपवला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु घरगुती बेकिंगच्या बाबतीत या चुकलेल्या चवीची बरीचशी कारणे अगदी भौतिक आहेत. फळातले पाणी, अंड्याचे वजन, गुळाचे वय आणि आचेची दिशा ही ती कारणे होत. जुन्या वहीत ती लिहिलेली नसतात, कारण लिहिणाऱ्या बाईला ती लिहिण्याची गरज कधी भासलीच नाही. समोर जे तवसे होते, जी अंडी होती आणि जी चूल होती, त्यांच्यासाठीच ती कृती होती.

हा प्रश्न आता अधिक लोकांना पडू लागला आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या काळात देशभर असंख्य घरांत पहिल्यांदा केक भाजला गेला. सुरुवातीला बहुतेकांनी परदेशी कृती जशाच्या तशा उचलल्या. पुढे त्यातील अनेक जण हापूस, फणस, नाचणी, मोहाची फुले, खजुराचा गूळ अशा आपल्या भागातील हंगामी जिन्नसांकडे वळले आणि लहानपणी खाल्लेले पदार्थ ओव्हनमध्ये उतरवण्याचा प्रयत्न करू लागले. अडचण येते ती याच टप्प्यावर.

ओव्हन नवा, भाजण्याची रीत जुनी

केक म्हणजे साहेबाची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. अंडी फेसून फुगवलेल्या केकबाबत तो खराही आहे. मात्र पीठ किंवा रवा भांड्यात घालून चहूबाजूंनी कोरड्या उष्णतेवर भाजण्याची रीत या किनाऱ्याला नवी नव्हती. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतील भानोले हा कोबी, कोळंबी आणि बेसनाचा तिखट पदार्थ झाकणावर निखारे ठेवूनच भाजला जाई. धोंडसही त्याच जातीचे. आंब्याच्या किंवा फणसाच्या रसातले सांदण मात्र वाफेवर शिजते, म्हणून ते या गोतावळ्यातले थोडे दूरचे नातेवाईक म्हणावे लागेल.

पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात पाव आला आणि तो भाजणारा पोदेरही आला. त्यांच्या स्वयंपाकातील अंडी व साखर यांची सढळ रीत येथील नारळाला येऊन मिळाली. त्यातून रवा आणि खोबऱ्याचा बाथ, नारळाच्या बोलिन्हा आणि नारळाचे दूध, अंड्यातील पिवळा बलक व तूप यांचा थराथरांचा बेबिंका असे पदार्थ रूढ झाले. बदामाच्या जागी काजू आला. गंमत अशी की, हा ‘स्थानिक’ काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणलेला. बेबिंक्याला २०२३ मध्ये गोव्याचा पदार्थ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले.

परक्या साच्यात आपल्या भागातले फळ बसवण्याची हीच रीत देशात अन्यत्रही दिसते. केरळमधील थलस्सेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्यासाठी केलेला नाताळचा केक हा भारतीय माणसाने केलेला पहिला नाताळ केक मानला जातो. ब्राऊन यांनी त्यात फ्रेंच ब्रँडी घालण्यास सुचवले असता बापू यांनी काजूच्या बोंडांची स्थानिक दारू आणि केळी वापरली, असे सांगितले जाते. प्रयागराजच्या नाताळ केकमध्ये कोहळ्याचा पेठा, मुरंबा, साजूक तूप, बडीशेप आणि जायपत्री असते. कोलकात्यात हिवाळ्यातील घरगुती केकला खजुराच्या ताज्या गुळाचा म्हणजे नोलेन गुडाचा वास येतो. आणि देशभरातील बेकऱ्यांत ‘प्लम केक’ या नावाने जे विकले जाते, त्यातील लाल-हिरवी टूटी-फ्रूटी ही पाकवलेली कच्ची पपई असते.

महाराष्ट्रातील लहान गावांत आणि शहरांच्या जुन्या पेठांत बेकिंगची आठवण घरच्या ओव्हनशी नव्हे, तर कोपऱ्यावरच्या भट्टीशी जोडलेली आहे. मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीपूर्वी मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घेऊन बेकरीत जायचे, रांगेत थांबायचे आणि नानखटाई किंवा बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायची, हा अनेक घरांचा वार्षिक कार्यक्रम होता. सामान घरचे, हात आणि भट्टी बेकरीवाल्याची. प्रयागराजमध्येही नाताळच्या सुमारास कुटुंबे आपापले सामान घेऊन अशीच बेकरीत जातात. या डब्यातल्या बिस्किटांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पाणी कोठे लिहिले आहे?

धोंडसाच्या पारंपरिक कृतीत पाणी नसते. तवशाच्या किसाला सुटेल त्या पाण्यात मावेल तेवढा रवा घालायचा, एवढीच सूचना असते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे अर्धा किलो किसात ४७५ ग्रॅमच्या आसपास. रवा हे पाणी हळूहळू पितो, गूळ विरघळतो, खोबऱ्याचा स्निग्धांश त्यात मिसळतो आणि मगच मिश्रण आचेवर जाते. शहरात मिळणाऱ्या कोवळ्या, बारीक काकड्या किसल्या, कडूपणाच्या भीतीने कीस पिळून टाकला आणि मग मिश्रण कोरडे वाटते म्हणून दूध घातले, की पदार्थ चांगला होईलही, पण तो धोंडस राहत नाही. पिकत आलेल्या तवशाचा जो किंचित आंबूस, खरबुजाजवळ जाणारा वास असतो, तो पिळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातो.

कोकणापासून दूर राहणाऱ्यांना तवसे मिळतच नाही, तेव्हा दुधी किंवा लाल भोपळा वापरला जातो. दुधीतील पाण्याचे प्रमाण काकडीएवढेच असल्यामुळे रव्याचे माप फारसे बदलत नाही, मात्र वास येत नाही. लाल भोपळ्यात पाणी थोडे कमी आणि गर अधिक असतो, त्यामुळे रवा कमी घ्यावा लागतो आणि गूळही हात आखडून घालावा लागतो. या पर्यायांनी पदार्थ वेगळा होतो, एवढे मान्य करून केले तर निराशा होत नाही.

आंब्याच्या केकची निराशा अधिक सार्वत्रिक आहे. पिकलेल्या आंब्यात सुमारे ८३ टक्के पाणी असते. २०० ग्रॅम आमरस केकच्या मिश्रणात घालणे म्हणजे जवळपास १६५ ग्रॅम पाणी आणि २५ ते ३० ग्रॅम साखर घालणे होय. कृतीतील दूध आणि साखर त्या प्रमाणात कमी केली नाही, तर केक मध्यभागी खचतो आणि तळाशी लगदा साचतो. जुन्या घरांत यावर उपाय होता : रस मंद आचेवर आटवून घेणे. २०० ग्रॅम रस १०० ग्रॅमवर आला की त्यातील पाणी ६५ ग्रॅमपर्यंत उतरते, गोडी मात्र तेवढीच राहते. वाळवलेले आंब्याचे साठ बारीक चिरून घालणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. तरीही एक गोष्ट कोणत्याही उपायाने साधत नाही. आंब्याचा वास ज्या संयुगांमुळे येतो, ती उष्णतेने उडून जाणारी आहेत. म्हणून भाजलेल्या हापूसला ताज्या हापूसचा वास येत नाही. केक साध्या चवीचा ठेवून वरून ताज्या फोडी घालणारे लोक आळशी नसतात. त्यांना हे अनुभवाने कळलेले असते.

हंगामाचा कोणता टप्पा आहे, हेही पाहावे लागते. मार्चमधील पहिल्या पेटीतील आंबा आणि मेअखेरचा आंबा सारखा नसतो. फळ पिकत जाते तशी आम्लता घटते आणि साखर वाढते. खाण्याचा सोडा फुगतो तो आम्लाच्या संयोगाने. त्यामुळे कमी आंबट रसात सोड्याचे काम अर्धवट राहते आणि उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर रेंगाळते. अशा वेळी चमचाभर दही किंवा लिंबाचा रस हवा, अथवा सोड्याऐवजी स्वतःचे आम्ल बरोबर घेऊन येणारी बेकिंग पावडर वापरावी लागते.

फणसाचेही तसेच. कापा फणस खाण्यासाठी उत्तम, पण त्याचे घट्ट गरे मिश्रणात एकजीव होत नाहीत. सांदणाला आणि फणसपोळीला बरका फणस लागतो, कारण त्याचा रस चाळणीतून गाळता येतो. केकमध्येही बरकाच चालतो. शहरातील दुकानांत सोललेले गरे मिळतात ते बहुधा काप्याचे असतात, हे येथे नमूद करायला हवे.

गुळाला तर वयच असते. पश्चिम महाराष्ट्रातील गुऱ्हाळे साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतात. हिवाळ्यातला नवा गूळ फिकट आणि खुसखुशीत असतो. तोच गूळ पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषून काळपट आणि चिकट होतो. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. ते ओलावा धरून ठेवतात आणि लवकर तांबूस होतात. गुळाचा केक अधिक दिवस मऊ राहतो आणि साखरेच्या केकपेक्षा लवकर करपतो, तो यामुळेच. ओव्हनचे तापमान १८० अंशांऐवजी १६० ते १६५ अंश ठेवून वेळ वाढवला की हा प्रश्न बराच सुटतो. रंग पिवळाधमक दिसावा म्हणून रसायनाने उजळलेला गूळ घेतला, तर ज्या खमंग चवीसाठी गूळ वापरायचा तीच त्यात कमी असते.

नाचणीबाबत अपेक्षा बेताची ठेवलेली बरी. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते आणि ते हवेचे बुडबुडे धरून ठेवते. नाचणीत ग्लुटेन नाही. म्हणून निव्वळ नाचणीचा केक भुसभुशीत होतो, उचलताच तुटतो. मैद्याचा पाव हिस्सा काढून तेवढीच नाचणी घातली तर रचना टिकते. अंडी न चालणाऱ्या घरांत इसबगोलाची चिमूट तेच काम थोडेफार करते. बिस्किटांना मात्र हा भुसभुशीतपणाच हवा असतो, त्यामुळे नाचणीची बिस्किटे सहज जमतात. चक्कीवरच्या कणकेची अडचण याच्या उलट आहे. दगडी जात्याखाली तिचा स्टार्च अधिक भरडला जातो आणि ती मैद्यापेक्षा जास्त पाणी मागते. मैद्याच्या कृतीत कणीक घालताना द्रव वाढवला नाही, तर केक कोरडा लागतो आणि दोष कणकेला दिला जातो.

शेर, वाटी आणि गावठी अंडे

जुन्या वह्यांतील मापे हा स्वतंत्र गुंता आहे. भारतात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीच्या कृतींत शेर, पावशेर, छटाक, तोळा येतात. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि ८० तोळ्यांचा सरकारी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण शेर हे माप प्रांतागणिक बदलत असे. शिवाय वजनाचा शेर निराळा आणि धान्य भरून मोजण्याचा शेर निराळा. पणजीने ‘पावशेर रवा’ लिहिले असेल, तर तो तिच्या घरातल्या मापाचा होता की वाण्याच्या तराजूतला, हे वहीतून कळत नाही.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० मधील ‘रुचिरा’ने वाटी आणि चमच्याच्या मापांची सवय मराठी घरांना लावली आणि स्वयंपाक शिकणाऱ्या दोन पिढ्यांची मोठी सोय झाली. आमटी-भाजीला वाटी पुरते. बेकिंगला ती अपुरी पडते, कारण दोन घरांतील वाट्या सारख्या नसतात आणि त्याच वाटीत मैदा दाबून भरला की हलक्या हाताने भरला, यावर वजनात २० टक्क्यांचा फरक सहज पडतो. अमेरिकी कृतीतील ‘कप’ सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या चहाचा कप त्याहून बराच लहान. हे ठाऊक नसल्याने बिघडलेले केक मोजायला बसले तर हिशेब लागणार नाही.

अंड्यांचा मुद्दा बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. परसातल्या गावठी कोंबडीचे अंडे साधारण ४० ग्रॅमचे असते, आजच्या पोल्ट्रीतील अंडे ५५ ग्रॅमच्या आसपास. जुन्या वहीत बाथासाठी १२ अंडी लिहिली असतील आणि आज १२ अंडी बाजारातून आणून घातली, तर मिश्रणात १८० ग्रॅम अंडे जास्त जाते. म्हणजे आजची तीनहून अधिक अंडी जादा. बाथ रबरासारखा झाला, खोबऱ्यापेक्षा अंड्याचाच वास पुढे आला, असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रथम अंडी वजन करून पाहावीत. शिवाय, बाथाचे मिश्रण रात्रभर मुरवण्याची रीत आहे ती रवा पुरता भिजावा म्हणून. दोन तासांत ओव्हनमध्ये गेलेल्या मिश्रणात रवा कचकचीत राहतो.

आता पत्र्याच्या डब्यातल्या बिस्किटांविषयी. ती खुसखुशीत लागत, याचे श्रेय आठवणीत बेकरीवाल्याच्या हाताला दिलेले असते. त्याचा हात होताच. पण मुख्य काम वनस्पती तुपाचे होते. त्या काळच्या वनस्पती तुपात हायड्रोजनीकरणाने घट्ट केलेले तेल असे आणि त्याबरोबर ट्रान्स फॅटचे प्रमाण मोठे असे. हृदयविकाराशी त्याचा संबंध स्पष्ट झाल्यावर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तेल व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. आजच्या डब्यातील वनस्पती तूप ते जुने वनस्पती तूप नव्हे. साजूक तुपात केलेली नानखटाई चवीला निःसंशय सरस असते, तरीही पन्नाशीतल्या माणसाला ती ‘आमच्या लहानपणीसारखी’ वाटत नाही, यात त्याची जीभ खोटे बोलत नाही. ही एक चव परत न आलेलीच बरी.

आच कोठून येते?

वरखाली निखारे ठेवलेल्या पातेल्यात उष्णता दोन्ही बाजूंनी येते, परंतु ती सारखी नसते. खालचा विस्तव मंद आणि झाकणावरचे निखारे प्रखर, असा बेत असे. त्यामुळे वरचा थर तांबूस, खमंग होई आणि आतला गाभा ओलसर राही. नारळाच्या करवंट्या आणि सोडणे जळताना येणारा धूर झाकणाच्या फटीतून आत शिरे, ती चव तर कोणत्याच कृतीत लिहिलेली नाही. कल्हई केलेले जाड पितळी पातेले उष्णता सावकाश घेई आणि सावकाश सोडी. आजचा काळा नॉनस्टिक साचा उष्णता झटकन घेतो आणि तळ आधी करपतो. बेकरीवाले भट्टीत चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होते यावरून आच ओळखत; तापमापक त्यांच्या डोळ्यांत होता.

मधल्या काळात दोन साधने घरोघरी पोहोचली. एक, झाकणाला काचेची गोल खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन. त्यात तापमान ठरवण्याची सोय नव्हती, म्हणून साच्याखाली वाळू पसरून आच सौम्य केली जाई. दुसरे साधन म्हणजे प्रेशर कुकर. शिटी आणि रबरी कडी काढून, तळाशी वाळू किंवा मीठ घालून, पाण्याशिवाय त्यात केक केला जाई. कुकरमध्ये केकमधून निघणारी वाफ कोंडून राहते आणि वरून प्रत्यक्ष उष्णता मिळत नाही, त्यामुळे तो केक वरून पांढुरका आणि आतून ओलसर होतो. ज्यांची बालपणीची आठवण या केकची आहे, त्यांना ओव्हनमधला सुरेख तांबूस केक ‘कोरडा’ वाटतो. त्यांनी ओव्हनमध्ये पाण्याचे एक भांडे ठेवून पाहावे, किंवा सरळ पुन्हा कुकर काढावा.

आजच्या घरगुती ओव्हनमध्ये वरची आणि खालची दांडी स्वतंत्रपणे चालू करता येते, आणि हीच सोय निखाऱ्यांच्या सर्वांत जवळ जाणारी आहे. धोंडस किंवा भानोले प्रथम खालच्या दांडीवर मंद भाजून शेवटची १० मिनिटे वरची दांडी लावली, तर वरचा पापुद्रा येतो. बेबिंक्याला तर फक्त वरचीच आच लागते. पातळ थर ओतायचा, वरून भाजायचा, त्यावर तूप, मग पुढचा थर. सात थरांनाही दुपार जाते. काही घरांत सोळापर्यंत थर रचतात. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये गरम हवा फिरत असल्याने तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे लागते. बेबिंका तेथे मुळीच करू नये, कारण वाऱ्याने थर सुरकुततो.

या सर्व बाबी नोंदवायच्या असतील, तर त्या करणारी व्यक्ती स्वयंपाकघरात उभी असतानाच नोंदवाव्या लागतात. ‘अंदाजाने घालते’ असे म्हणणाऱ्या आजीला वजन करायला लावण्यात अर्थ नसतो. त्याने तिचा हातच बिचकतो. रव्याच्या डब्याचे वजन आधी आणि नंतर घेतले की तिने किती घातला ते आपोआप कळते. गुळाचे, खोबऱ्याचे, तुपाचेही तसेच. त्याबरोबर महिना कोणता होता, फळ किती पिकले होते, पातेल्याचा व्यास किती आणि झाकण किती वेळाने उघडले, एवढे लिहिले तरी पुरते. भ्रमणध्वनीवर चित्रण करण्याची आता पद्धत पडली आहे. चित्रणात हाताची लय टिपली जाते, मात्र मुठीत किती ग्रॅम मावले ते त्यातून कळत नाही. तवसे किसताना काढलेल्या बिया धुऊन, राखेत घोळून पुढच्या पावसासाठी ठेवण्याची रीत ज्या घरात अजून आहे, तेथे त्या बियाही मागून घ्याव्यात. संकरित काकडीच्या पाकिटात ते वाण मिळत नाही.

हे पदार्थ घरून विकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. व्यवसाय कितीही लहान असला तरी एफएसएसएआयकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. आणि ओले खोबरे किंवा ताज्या फळाचा गर असलेला केक दमट हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे विश्वासाचा राहत नाही. साखर आणि तूप भरपूर असलेला, कोरडा भाजलेला बेबिंका अधिक टिकतो.

एका जिन्नसाला मात्र तराजूचा उपयोग नाही. यीस्टची पुडी येण्याआधी गोव्यात पाव फुगे तो नारळाच्या माडीवर, जिला तेथे सूर म्हणतात. वसईच्या ख्रिस्ती घरांतही फुगे आणि सान्ना यांसाठी माडीच वापरली जाई. माडीत नैसर्गिक यीस्टबरोबर आंबवणारे जिवाणूही असतात. त्यामुळे पीठ नुसते फुगत नाही, त्याला मंद आंबूस चव येते. सुरतेच्या डच बेकऱ्यांपासून सुरू झालेल्या नानखटाईच्या कथेतही आरंभीच्या पिठात ताडी होती असे सांगितले जाते. आता माडांवर चढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत, त्यांची मुले त्या कामाकडे वळत नाहीत आणि बहुतेक पोदेरांनी केव्हाच बाजारी यीस्ट स्वीकारले आहे. यीस्टची बंद पुडी कपाटात अनेक महिने टिकते. पहाटे उतरवलेली माडी तासागणिक आंबट होत जाते, म्हणून ती ज्या गावात उतरते त्याच गावात, त्याच दिवशी पिठात पडावी लागते.